लवंगेचे तेल आणि धन्वंतरी महाल

प्रस्तावना

रात्री अचानक दाढ ठणकू लागली, की घरातील वडीलधारी माणसे मसाल्याच्या डब्याकडे वळतात. एखादी लवंग दाढेखाली धरली जाते किंवा लवंगेच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा दाढेवर ठेवला जातो. थोड्या वेळाने ठणका उतरतो आणि घर पुन्हा झोपी जाते. हा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे. परंतु ठणका का उतरतो, दाढ खरोखर बरी होते का, हे तेल किती घ्यावे आणि कोणाला मुळीच देऊ नये, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

औषधाला असे प्रश्न विचारण्याची आणि मिळालेली उत्तरे लिहून ठेवण्याची परंपरा आपल्या देशात आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी तमिळ प्रदेशातील तंजावर येथे एका मराठी राजाने त्यासाठी स्वतंत्र संस्थाच उभारली होती. तिची ओळख करून घेत लवंगेच्या तेलाचे गुण, उपयोग आणि धोके या पाठात आपण अभ्यासणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

- तंजावरच्या धन्वंतरी महालाच्या कार्याची माहिती सांगता येईल;
- लवंग भारतात कशी आली, हे थोडक्यात लिहिता येईल;
- लवंगेच्या तेलाचे औषधी गुण व त्यामागील कारण स्पष्ट करता येईल;
- घरगुती उपचार करताना घ्यावयाची काळजी सांगता येईल;
- पाठातील शब्द व म्हणी यांचा वाक्यांत उपयोग करता येईल.

मूळ पाठ

१. राजाचे नवे राज्य

कावेरी नदीच्या सुपीक खोऱ्यात वसलेले तंजावर शहर बृहदीश्वराच्या भव्य मंदिरासाठी जगभर प्रसिद्ध आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. ही सत्ता १८५५ पर्यंत टिकली. त्यामुळे तमिळ भाषेच्या मुलुखात मराठी ही राजदरबाराची भाषा झाली. हिशेब, पत्रे आणि दफ्तर मोडी लिपीत लिहिले जाऊ लागले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याच्या इतिहासाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही पाहावयास मिळतो.

या घराण्यातील दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. लहानपणी त्यांना श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकांकडून शिक्षण मिळाले होते. संस्कृत, मराठी आणि तमिळ यांबरोबरच युरोपीय भाषा व विज्ञान यांचीही त्यांना गोडी होती. परंतु गादीवर येताच १७९९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तह करावा लागला आणि राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती तंजावरचा किल्ला व त्याच्या आसपासचा थोडा भाग एवढेच उरले.

राज्य गेलेला राजा चैनीत किंवा खंत करण्यात आयुष्य घालवू शकला असता. सरफोजीराजांनी तसे केले नाही. मिळणाऱ्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यांनी विद्येसाठी खर्च केला. नायक राजांच्या काळापासून चालत आलेला राजवाड्यातील ग्रंथसंग्रह त्यांनी वाढवला. काशीयात्रेच्या वेळी अनेक हस्तलिखिते मिळवून आणली. हा संग्रह आज ‘सरस्वती महाल ग्रंथालय’ या नावाने ओळखला जातो. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांबरोबर सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत, शिवाय मोडी कागदपत्रांचे शेकडो गठ्ठे आहेत.

ओरत्तनाडू येथे राजांनी मुक्तांबाळ छत्र बांधले. अशा छत्रांत यात्रेकरूंना अन्न आणि निवारा मिळे. कोणी आजारी पडल्यास त्याच्यावर उपचार केले जात. आपल्या हातून राज्य गेले तरी छत्रांचे हे काम चालू राहिले पाहिजे, असा आग्रह राजांनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात धरला होता.

२. धन्वंतरी महाल

रोग्यांवरील उपचार आणि औषधांचा अभ्यास यांसाठी सरफोजीराजांनी जी संस्था स्थापन केली, तिचे नाव ‘धन्वंतरी महाल’. येथे माणसांवर व जनावरांवर उपचार होत. आयुर्वेद, तमिळ प्रदेशातील सिद्धवैद्यक, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक या चारही पद्धती जाणणारे वैद्य येथे काम करीत. त्या काळी एका पद्धतीचा वैद्य दुसऱ्या पद्धतीकडे सहसा संशयाने पाही. येथे मात्र कोणत्या परंपरेचे औषध आहे, यापेक्षा त्या औषधाने रोग्याला गुण येतो की नाही, याला महत्त्व होते.

येथील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे नोंदी. रोग्याची लक्षणे, केलेला उपचार आणि त्याचा परिणाम लिहून ठेवला जाई. नेत्ररोगांच्या रुग्णांच्या अशा नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आजही उपलब्ध असून एकविसाव्या शतकातील नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. औषधी वनस्पतींचीही चित्रे काढून घेण्यात आली होती. अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यांत रचून ठेवण्यात आले. पद्य पाठ करणे सोपे असल्यामुळे गावोगावच्या वैद्यांपर्यंत ते पोहोचण्याची सोय झाली. ‘शरभेंद्र वैद्य मुऱैगळ’ या नावाने हे उपचार पुढे सरस्वती महाल ग्रंथालयाने रोगवार ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ‘शरभेंद्र’ म्हणजे सरफोजीराजे आणि ‘मुऱै’ या तमिळ शब्दाचा अर्थ ‘पद्धत’ असा आहे.

धन्वंतरी महालाचे हे कार्य पाहिले, की कोणत्याही औषधाला विचारावयाचे चार प्रश्न आपल्या हाती येतात : हे औषध नेमके काय आहे? ते कोणत्या त्रासावर व का उपयोगी पडते? ते किती प्रमाणात घ्यावे? आणि ते कोणाला अपायकारक ठरते? हेच चार प्रश्न आता आपण लवंगेच्या तेलाला विचारू.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा.

१. तंजावर येथे भोसले घराण्याची सत्ता ........ यांनी स्थापन केली.
२. तंजावरच्या दरबारातील दफ्तर ........ लिपीत लिहिले जाई.

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.

१. धन्वंतरी महालात कोणत्या चार वैद्यकपद्धती जाणणारे वैद्य होते?
२. अनुभवास उतरलेले उपचार पद्यांत का रचले गेले असावेत?

३. एका कळीचा प्रवास

लवंग म्हणजे न उमललेले फूल. सदाहरित वृक्षाच्या या कळ्या फुलण्यापूर्वीच हाताने खुडतात. कोवळेपणी हिरव्या असणाऱ्या कळ्या लालसर होऊ लागल्या, की तोडणीची वेळ झाली असे समजतात. नंतर त्या उन्हात वाळवतात. वाळताना कळीचे बरेचसे वजन कमी होते आणि तिला परिचित तपकिरी रंग येतो. देठ आणि त्यावरील गोल डोके यांमुळे वाळलेली लवंग लहानशा खिळ्यासारखी दिसते. तिचे इंग्रजी नावही ‘खिळा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आले आहे.

लवंगेचे मूळ घर भारत नव्हे. आजच्या इंडोनेशियातील मालुकू द्वीपसमूहात ती प्रथम वाढली. पण तिचा सुगंध फार पूर्वीच समुद्र ओलांडून आपल्याकडे आला. कालिदासाच्या ‘रघुवंश’ या महाकाव्यात कलिंगच्या राजाचे वर्णन करताना दूरच्या बेटांवरून वाऱ्याबरोबर येणाऱ्या लवंगफुलांचा उल्लेख आहे. मुखशुद्धीसाठी तोंडात धरावयाच्या पदार्थांत चरकसंहितेने लवंगेची गणना केली आहे. प्राचीन चीनमध्ये सम्राटापुढे बोलताना दरबारी लोक तोंडात लवंग धरीत, असे सांगितले जाते.

ही लहानशी कळी पुढे युद्धांचे कारण झाली. सतराव्या शतकात डच व्यापारी कंपनीने मालुकू बेटांवर ताबा मिळवला. लवंगेचा व्यापार आपल्याच हाती राहावा आणि भाव चढा राहावा, म्हणून तिने अंबोन व त्याच्या आसपासची मोजकी बेटे सोडून इतरत्र असलेली लवंगेची झाडे तोडविली. याच डच कंपनीने १६५८ मध्ये तंजावरच्या किनाऱ्यावरील नागपट्टिणम बंदर पोर्तुगिजांकडून घेतले. (नागपट्टिणम १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच होते.) डच जहाजे चोळमंडल किनाऱ्यावरचे सुती कापड पूर्वेकडील बेटांवर नेत आणि तिकडचे मसाले इकडे आणून विकत. म्हणजे कावेरीकाठच्या विणकराचे कापड आणि मालुकूच्या मळ्यातील लवंग एकाच व्यापाराच्या दोन बाजू होत्या. १७८१ मध्ये हे बंदर इंग्रजांनी जिंकले.

डचांची मक्तेदारीही फार काळ टिकली नाही. १७७० मध्ये फ्रेंचांनी लवंगेची रोपे गुप्तपणे मॉरिशस बेटावर नेली आणि तेथून ती आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे पसरली. १८०० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने तमिळ प्रदेशातील कुट्रालम येथील मसाल्यांच्या बागेत लवंग लावली. सरफोजीराजे धन्वंतरी महालाचे कार्य करीत होते, त्याच काळात लवंगेचे झाड दक्षिण भारताच्या मातीत रुजत होते. आज कन्याकुमारी जिल्ह्यातील डोंगरउतारांवर उत्तम प्रतीची लवंग पिकते.

४. कळीतून तेल

लवंगेच्या तेलाविषयी बोलताना एक घोटाळा नेहमी होतो. ‘लवंगेचे तेल’ या एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात. काही घरांत तिळाच्या किंवा खोबरेल तेलात लवंगा टाकून ते मंद आचेवर कढवतात. हे मुख्यतः तिळाचे किंवा खोबऱ्याचेच तेल असते. त्यात लवंगेचा अंश थोडा असतो. औषधाच्या दुकानात लहान बाटलीत मिळणारे तेल मात्र ऊर्ध्वपातनाने काढलेले असते आणि ते अतिशय तीव्र असते.

ऊर्ध्वपातनाची रीत अशी : लवंगा भांड्यात भरून त्यांतून पाण्याची वाफ सोडतात. उष्ण वाफ कळ्यांतील सुगंधी तेल आपल्याबरोबर बाहेर काढते. ही वाफ थंड नळीतून नेली, की तिचे पाणी होते आणि तेल त्यापासून वेगळे होते. बहुतेक तेले पाण्यावर तरंगतात. लवंगेचे तेल मात्र पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते. ताजे तेल फिकट पिवळसर असते. हवा लागत गेली की ते तपकिरी होत जाते. काही प्रकारचे प्लॅस्टिक या तेलाने विरघळते, म्हणून ते काचेच्या गडद रंगाच्या बाटलीत ठेवतात.

वाळलेल्या लवंगेच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के भाग हे तेल असते. हिशेब केला तर चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर तेल काढण्यासाठी जवळजवळ ३० ग्रॅम लवंगा लागतात. भाताला दोन-तीन लवंगांची फोडणी देणाऱ्या घरात एवढ्या लवंगा कित्येक आठवडे पुरतात. बाटलीतील थेंबाची ताकद किती असते, हे या हिशेबावरून लक्षात येते.

५. गुण आणि उपयोग

लवंगेच्या तेलाचा बहुतांश भाग ‘युजेनॉल’ या द्रव्याचा असतो. कळ्यांच्या तेलात त्याचे प्रमाण साधारण ७० ते ९० टक्के असते. लवंगेचा वास, तिखटपणा आणि औषधी गुण मुख्यतः या युजेनॉलमुळेच आहेत.

दाताच्या आत मज्जातंतू असतात. दात किडून खड्डा खोल गेला, की या मज्जातंतूंना त्रास होतो आणि त्याची खबर वेदनेच्या रूपाने मेंदूकडे जाते. युजेनॉल मज्जातंतूंमधून जाणारी ही खबर काही काळ अडवते. त्यामुळे तो भाग बधिर होतो. सूज व वेदना वाढवणारी जी द्रव्ये शरीरात तयार होतात, त्यांच्या निर्मितीलाही ते काही प्रमाणात आळा घालते. शिवाय काही जंतूंची वाढ ते रोखते. दाढेवर बोळा ठेवल्यावर ठणका का उतरतो, याचे उत्तर येथे मिळते.

या अनुभवाची शास्त्रीय परीक्षाही झाली आहे. कुवेतमधील दंतवैद्यांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७३ प्रौढ स्वयंसेवकांच्या तोंडात लवंगेचा लेप, बधिरतेसाठी वापरले जाणारे ‘बेंझोकेन’ हे औषध किंवा कोणताही औषधी गुण नसलेला लेप लावून नंतर सुई टोचण्यात आली. नुसत्या लेपाच्या तुलनेत लवंगेच्या लेपाने वेदना कमी जाणवली आणि तिचा परिणाम बेंझोकेनच्या जवळपास आढळला.

दंतवैद्यांच्या दवाखान्यात येणारा परिचित वास अनेकदा लवंगेच्या तेलाचाच असतो. युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड यांचे मिश्रण घट्ट होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे मिश्रण दात तात्पुरता भरण्यासाठी वापरले जात आहे. दंतमंजने, गुळण्या करण्याची औषधे आणि अंगदुखीवर चोळण्याचे मलम यांतही लवंगेचे तेल अल्प प्रमाणात घालतात.

आयुर्वेदाने लवंगेला भूक वाढवणारी, पचनास मदत करणारी आणि कफ कमी करणारी मानले आहे. खोकल्यावर चघळावयाची लवंगादी वटी प्रसिद्धच आहे. लोकसमजुतीत लवंग ‘गरम’ मानली जाते. ‘भावप्रकाश’ या ग्रंथात मात्र ती थंड गुणाची सांगितली असून नेत्रांना हितकर म्हटली आहे. येथे वाचकाने एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ग्रंथातील हे वर्णन लवंगेचे आहे, बाटलीतील तीव्र तेलाचे नव्हे. ते वाचून कोणी हे तेल डोळ्यांत घातले, तर डोळ्याला गंभीर इजा होईल. औषधाचे नाव वाचणे पुरेसे नसते. ते कोणत्या रूपात सांगितले आहे, हेही वाचावे लागते.

पाठगत प्रश्न २

(अ) चूक की बरोबर, ते लिहा.

१. लवंग हे झाडाचे वाळलेले फळ आहे.
२. लवंगेचे तेल पाण्यावर तरंगते.
३. युजेनॉलमुळे मज्जातंतूंकडून जाणारी वेदनेची खबर काही काळ अडते.

(आ) कढवलेले लवंगेचे तेल आणि ऊर्ध्वपातित लवंगेचे तेल यांतील फरक दोन वाक्यांत लिहा.

६. उपकार आणि अपाय

आता उरलेले दोन प्रश्न : किती आणि कोणाला नको?

तात्पुरत्या दातदुखीसाठी प्रौढ व्यक्तीने हे तेल वापरावयाचे असल्यास चहाच्या चमचाभर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात त्याचे दोन-तीन थेंब मिसळावे. या मिश्रणात कापसाचा लहान बोळा भिजवून तो दुखऱ्या दातावर काही मिनिटे धरावा. बोळा हिरडीला, ओठाला किंवा जिभेला लागू देऊ नये आणि सुटलेली लाळ गिळू नये, थुंकून टाकावी. निव्वळ तेल वारंवार लावल्यास हिरडी भाजल्यासारखी होते, तिला फोड येतात. कित्येकदा रुग्णाला वाटते, की दुखणेच वाढले आहे आणि तो आणखी तेल लावतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लवंगेचे तेल वेदना शमवते, कीड बरी करीत नाही. वेदना ही शरीराने दिलेली सूचना असते. ती सूचना तेलाने गप्प केली, तरी किडीचे काम आतल्या आत चालूच राहते. आज लहानसा खड्डा भरून वाचणारा दात वर्षभराने काढावा लागतो. मजुरी बुडेल किंवा खर्च होईल, या भीतीने महिनोन्‌महिने तेलावर दिवस काढणाऱ्या माणसाला शेवटी अधिक खर्च सोसावा लागतो. गालावर सूज, ताप, पू किंवा तोंड उघडण्यास त्रास अशी लक्षणे दिसल्यास तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांकडे जावे.

लहान मुलांच्या बाबतीत विशेष सावध राहिले पाहिजे. दात येताना बाळ रडते, म्हणून त्याच्या हिरड्यांना हे तेल चोळण्याची चाल काही घरांत आहे. ती धोक्याची आहे. मुलाने हे तेल थोडेसे प्यायले, तरी जीवावर बेतू शकते. दोन वर्षांच्या एका बालकाने ५ ते १० मिलिलिटर लवंगेचे तेल प्यायल्याची हकीकत १९९३ मध्ये ब्रिटनमधील एका बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. ते मूल बेशुद्ध झाले, त्याला झटके आले आणि त्याच्या यकृताला इजा झाली. रुग्णालयातील शर्थीच्या उपचारांनी ते वाचले. एक-दोन चमचे तेलाचा हा परिणाम होता.

म्हणून ही बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच, बंद जागी ठेवावी. चुकून मुलाने तेल प्यायल्यास त्याला उलटी करावयास लावू नये. बाटली बरोबर घेऊन त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलावता येते.

गर्भवती व स्तनदा माता, यकृताचे रुग्ण आणि रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्या व्यक्ती यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे तेल वापरू नये. युजेनॉलमुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ते वापरत असल्याचे डॉक्टरांना सांगावे. वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हे तेल कोणीही पोटात घेऊ नये. स्वयंपाकात घातलेल्या लवंगांना मात्र यांतले कोणतेही भय नाही.

७. नोंदीचे मोल

लवंगेचे तेल औषध आहे की विष? या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. दोन थेंब औषध असतात, दोन चमचे विष ठरतात. वस्तू एकच, फरक प्रमाणाचा आहे. हे प्रमाण माणसाला अनुभवाने कळते आणि तो अनुभव लिहून ठेवला, तरच पुढच्या माणसाच्या उपयोगी पडतो.

राज्य गमावलेल्या सरफोजीराजांनी १८३२ मध्ये जगाचा निरोप घेतला. त्यांच्या किल्ल्यावर आज कोणाचे निशाण फडकत नाही. परंतु धन्वंतरी महालात लिहिलेला रोग्याचा कागद शिल्लक आहे, तो वाचणारे तज्ज्ञ आहेत आणि त्यापासून शिकणारे लोक आहेत. त्या कागदावरील सामान्य रुग्णाचे डोळे दोनशे वर्षांनंतरही वैद्यांना काही शिकवत आहेत.

प्रत्येक घरात धन्वंतरी महाल उभारता येणार नाही. पण औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचता येईल : औषधाचे नाव, त्याचे प्रमाण, बाहेरून लावावयाचे की पोटात घ्यावयाचे, वापराची अंतिम तारीख. घरातील कोणाला कोणते औषध दिले आणि त्याचा काय परिणाम झाला, हे एका वहीत लिहिता येईल. ज्याला अक्षर आले, त्याच्या हाती हे सामर्थ्य आले. मग मध्यरात्री दाढ ठणकली, तर मसाल्याच्या डब्याकडे जाणारा हात थांबवण्याचे कारण नाही. मात्र तो हात किती आणि कोणासाठी हे जाणणारा असावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दंतवैद्यांच्या दाराची कडी वाजवावी.

शब्दार्थ

ठणका – थांबून थांबून येणारी तीव्र वेदना
छत्र – यात्रेकरूंसाठी अन्न व निवारा पुरवणारी धर्मशाळा
दफ्तर – सरकारी कागदपत्रे
मक्तेदारी – व्यापारावरील एकट्याचा हक्क
ऊर्ध्वपातन – वाफेच्या साहाय्याने द्रव वेगळा करण्याची क्रिया
बधिर – संवेदना नाहीशी झालेला
मज्जातंतू – संवेदना मेंदूपर्यंत नेणारे शरीरातील धागे
अपाय – इजा, नुकसान

तुम्ही काय शिकलात?

- सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात चार वैद्यकपद्धतींचा एकत्र उपयोग होत असे आणि उपचारांच्या नोंदी ठेवल्या जात.
- लवंग मालुकू बेटांवरून आली. तिची लागवड दक्षिण भारतात १८०० च्या सुमारास सुरू झाली.
- युजेनॉलमुळे लवंगेचे तेल वेदना तात्पुरती शमवते, पण दाताची कीड बरी करीत नाही.
- प्रमाणाबाहेर घेतलेले तेल घातक असते. मुलांना ते देऊ नये.

भाषाभ्यास

१. ‘वि’ व ‘अप’ हे उपसर्ग लावून तयार झालेले प्रत्येकी दोन शब्द लिहा. (उदा., विज्ञान, अपमान)
२. ‘लवंगी मिरची’ आणि ‘लवंगी फटाका’ या शब्दप्रयोगांत लवंगेचा कोणता गुण सूचित होतो, ते सांगा.
३. ‘अति तेथे माती’ या म्हणीचा अर्थ सांगून पाठातील कोणत्या प्रसंगाला ती लागू पडते, ते लिहा.
४. ‘जीवावर बेतणे’, ‘आळा घालणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

स्वाध्याय

१. ‘राज्य गमावलेल्या राजाने नवे राज्य उभारले’ – हे विधान सरफोजीराजांच्या कार्याच्या आधारे स्पष्ट करा. (८ ते १० ओळी)
२. तंजावरचा किनारा आणि लवंगेचा व्यापार यांचा संबंध तुमच्या शब्दांत लिहा.
३. वेदना थांबली म्हणजे रोग बरा झाला, असे का म्हणता येत नाही?
४. शेजारच्या घरात बाळाच्या हिरड्यांना लवंगेचे तेल चोळत असल्याचे तुम्हांला कळले. त्या घरातील आजींना तुम्ही आदरपूर्वक काय सांगाल? संवाद लिहा.

उपक्रम

घरातील कोणत्याही एका औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचा. पाठातील चार प्रश्नांची उत्तरे तिच्यावरून मिळतात का, ते पाहा. जे उत्तर मिळत नाही, ते डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून वहीत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (अ) १. व्यंकोजीराजे २. मोडी. (आ) १. आयुर्वेद, सिद्धवैद्यक, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक. २. पद्य पाठ करणे सोपे असल्यामुळे उपचार गावोगावच्या वैद्यांपर्यंत पोहोचावेत म्हणून.

पाठगत प्रश्न २ : (अ) १. चूक २. चूक ३. बरोबर. (आ) कढवलेले तेल मुख्यतः तिळाचे किंवा खोबऱ्याचे असून त्यात लवंगेचा अंश थोडा असतो. ऊर्ध्वपातित तेल वाफेच्या साहाय्याने लवंगेतूनच काढलेले असल्यामुळे अतिशय तीव्र असते.